अक्कांचं पडवळ आणि गल्लीतली मांजरं

अक्का मिटलेली मूठ समोरच्याच्या नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "वास घे. मग बोल."

तुम्ही त्यांच्याकडे कशाला गेला आहात, याला काही महत्त्व नसे. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलेलं असो, कोणी नुसतं विरजण मागायला, आधी मुठीत काय आहे ते ओळखायचं. कधी निंबोळीची पेंड, कधी शेंगदाण्याची, कधी मुरलेलं शेणखत, कधी चुलीतली राख. ओळखलं तर पितळेच्या डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, कॉफी. चुकलं तर परसातल्या विहिरीचं पाणी शेंदून वांग्यांना घालायचं. सिल्कचं धोतर नेसून आमंत्रणाला आलेल्या एका गृहस्थांनी पाणी शेंदलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी राखेला शेण म्हटलं होतं.

तंजावरला राजवाड्याच्या मागे आमची गल्ली. घरात मराठी, ओट्यावर तमिळ आणि भांडण रंगलं की इंग्रजी, अशी तिची रीत. मी लग्न होऊन इथे आले, टेलिफोन ऑफिसात नोकरी करायची, आणि अक्का शेजारच्याच घरात एकट्या राहायच्या. मुलगा मद्रासला. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या स्वतः ओरत्तनाडूच्या शेतकी कचेरीत टायपिस्ट होत्या. कोणत्या पिकाला युरिया किती, पोटॅश किती, हे त्यांनी नोकरीभर टाइप केलं आणि त्यातल्या एका ओळीवरही विश्वास ठेवला नाही.

"मी टाइप केलें म्हणून ते खरं होतंय की काय?" त्या विचारायच्या.

तो काळ असा होता की दुकानात रोज काहीतरी नवीन यायचं. घरावर केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला, तशी झाडांसाठी रंगीत बाटल्यांतली टॉनिकंही आली. आमच्या समोरचे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना सगळी गल्ली मॅनेजरमामा म्हणायची, त्यांनी ती सगळी आणली. वर मुठीमुठीनं युरिया. त्यांची वांगी छातीएवढी उंच झाली, पानं हिरवीगार, आणि त्या रानात वांगं मात्र औषधालाही नाही.

"मामा, पानांची भाजी करा की," अक्का कुंपणावरून म्हणायच्या. "युरिया जास्त झाला की झाड जावयासारखं होतंय. खातंय, फुगतंय, देत काही नाही."

मामांना दोन जावई होते. आठवडाभर ते अक्कांशी बोलले नाहीत.

पण अक्कांचा खरा जीव होता पडवळात. ते बी त्यांच्या यजमानांनी पापनाशमजवळच्या एका खेड्यातून आणलेलं. हातभराहून लांब, पांढऱ्या रेघांचं पडवळ. ते वाकडं होऊ नये म्हणून अक्का प्रत्येकाच्या टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधायच्या. यजमानांच्या श्राद्धाला दरवर्षी त्याच वेलाची भाजी व्हायची. श्राद्धाला कोबी, गाजर, बटाटा काही चालत नाही; पडवळ, कारलं, कच्चं केळं यांचाच मान. मद्रासहून मुलगा यायचा, शास्त्री यायचे, आणि अक्का मडीत, म्हणजे सोवळ्यात, स्वयंपाक करायच्या. त्या मडीपुढे आम्ही श्वासही जपून घ्यायचो.

एका वर्षी तिथी लवकर आली. अक्कांनी पंचांग पाहिलं, मग वेलाकडे पाहिलं. वेलाला पंचांग कळत नव्हतं. तेव्हा साऱ्या गल्लीला "पेंड भिजवून, कुजवून घालायची, कच्ची घातली तर मूळ जळतंय" असं बजावणाऱ्या या बाईनं घाईघाईत तीनही वेलांच्या बुडाशी कच्ची पेंड ओतली, तीही ओंजळीनं. आठवड्यात मुंग्यांची वारुळं झाली. दोन वेल वाळले. तिसऱ्याची पानं पिवळी पडली.

"बी असेल ना दुसरं?" मी विचारलं.

अक्का विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. त्यांच्या मुठीत त्या दिवशी काही नव्हतं. "होतं तें सगळं पेरलें. गल्लीत सगळ्यांना दिलें होतें. पण सगळ्यांनी कोवळं पडवळ कापून खाल्लं गे. बियाला म्हणून कोणी एक तरी पिकूं दिलं?"

आम्हीही खाल्लंच होतं. तो पिवळा वेल गेला असता तर यजमानांच्या हातचं ते बी कायमचं गेलं असतं. अक्कांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही. पण त्यांनी मला कॉफी न विचारता घरी पाठवलं, आणि मला कळायचं ते कळलं.

दोन दिवसांनी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, त्यांनी मला मागच्या दाराशी उभं केलं. "कोण येतंय का बघ." मागच्या बोळातून मासे विकणारी बाई टोपली घेऊन जायची. आमच्या सोवळ्या गल्लीत ती आवाज देत नसे. अक्कांनी तिला हातानं बोलावलं आणि तमिळमध्ये, अगदी हळू, माशांची डोकी आणि आतडी मागितली.

बाईनं टोपली खाली ठेवली. अक्कांच्या कपाळाकडे, गळ्यातल्या तुळशीमाळेकडे नीट पाहिलं.

"मामी, कधीपासून?"

"अय्यय्यो! वेलाला पाहिजे. पडवळाच्या!"

"असू दे, असू दे," बाई म्हणाली. "सगळे असंच सांगतात." आणि डोळा मिचकावून तिनं केळीच्या पानात पुडा बांधला. तिच्या घरच्या भोपळ्यांना ती हेच घालायची. गुळात घालून मडक्याचं तोंड बांधून ठेवायचं, मुरलं की पळीभर पाणी बादलीभर पाण्यात घालून द्यायचं, हेही तिनंच समजावलं. वर "पहिल्यांदा चिंच जास्त घाला, वास मारत नाही" असा सल्लाही दिला. तो कशाबद्दल होता, हे आम्ही विचारलं नाही.

मडकं विहिरीमागे ठेवलं. मला हसू आवरेना.

"अक्का, श्राद्धाची भाजी आहे हो ती."

"मग? गाय बसस्टँडवर सिनेमाची पोस्टरं खाते. तिचं दूध तूं देवाला दाखवतेस की नाही?" मग जरा थांबून म्हणाल्या, "ह्यांना पडवळ पोचतंय. पडवळानं काय खाल्लं, तें ह्यांना सांगायला कोण जाणार? तूं जाणार?"

मी जाणार नव्हते.

वेलानं मान वर केली. नवी पानं आली, फुलं आली, आणि मांजरं आली. आधी एक, मग गल्लीतली झाडून सगळी. पडवळाच्या मांडवाखाली ती ओळीनं बसायची, टोकाला दगड बांधलेल्या पडवळांकडे वर बघत. मॅनेजरमामांनी कुंपणावरून विचारलंच, "अक्का, तुमच्याकडे मांजरं फार दिसतात?"

"मी सकाळी गाते ना," अक्का म्हणाल्या.

पहिलं पडवळ त्यांनी बियाला राखलं. बाकीची श्राद्धाला. शास्त्रीबुवा पानावर बसले. श्राद्धाच्या जेवणात अन्नाची स्तुती करायची नसते, बोलायचंच नसतं. पण पडवळाची भाजी त्यांनी हातानं खूण करून दोनदा मागून घेतली. मागच्या दारात दोन मांजरं ओरडत होती आणि मी त्यांना ताकाच्या भांड्यानं हाकलत होते. जेवण उरकून विडा घेताना शास्त्री म्हणाले, "अक्का, एरु काय घालतां वेलाला?"

एरु म्हणजे खत. खरं कळलं असतं तर शास्त्र्यांनी त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला नसता.

"भक्ती," अक्का म्हणाल्या. चेहरा देवीसारखा.

पुढे कित्येक वर्षं तो वेल तसाच चढत राहिला. अक्का मात्र वाकत गेल्या. मद्रासला मुलाकडे जायचं त्यांनी साफ नाकारलं, तिथे गच्चीवर कुंड्या आहेत म्हणे, "कुंडीत कोथिंबीर येते गे, माणूस येत नाही." शेवटच्या आजारपणात त्यांनी मला राखेत घोळलेलं बी पावडरच्या जुन्या डब्यात घालून दिलं. "एक पिकूं देत जा," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या वर्षश्राद्धाला पडवळ माझ्या परसातलं गेलं. मुलगा मद्रासहून आला होता, शास्त्री तेच, आता पुरते म्हातारे. त्यांनी पुन्हा दोनदा मागून घेतलं. विडा घेताना माझ्याकडे पाहून विचारलं, "एरु?"

"भक्ती," मी म्हटलं. चेहरा देवीसारखा ठेवायला मला काही जमलं नाही.

संध्याकाळी मुलगा शेजारच्या घराला कुलूप लावून मद्रासला परतला, आणि थोड्या वेळानं आमचं मागचं दार वाजलं. बोळात शास्त्रीबुवा उभे. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "आमच्या परसांत काही धरेना झालंय. त्या पडवळाचं बी आहे का थोडं?" मग आवाज आणखी खाली आणून, "आणि तें भक्तीचं मडकं कसं लावायचं, तेंही सांग. आमच्या घरीं कळूं देऊं नको."

"म्हणजे तुम्हांला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. एवढीं मांजरं कोणत्या भक्तीला येतात गे?"

"मग बोलला का नाहीत?"

"श्राद्धांत अन्नाबद्दल बोलूं नये, असं शास्त्र आहे," शास्त्री म्हणाले.

हे ऐकायला अक्का हव्या होत्या. ते सांगायला शेजारी धावत जावंसं वाटलं, आणि शेजारचं दार बंद आहे हे वर्षभरात पहिल्यांदा खरोखर लागलं. डोळे पुसत आत गेले, डब्यातल्या चार बिया मुठीत घेतल्या आणि बाहेर येऊन मूठ म्हाताऱ्याच्या नाकाशी नेली.

"वास घ्या. मग बोला."

शास्त्र्यांनी डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"राख," ते म्हणाले.

मी बिया त्यांच्या हातावर ठेवल्या आणि कॉफी करायला आत वळले.