हौसाचे उघडे डोळे

दुपारी भाकरी खाऊन मी जरा आडवी होते. पापणी जड होते, पंख्याचा आवाज लांब जातो. समोर भिंतीवर माझी हौसा. सहा वर्षांची, हिरवं परकर-पोलकं, टक्क उघडे डोळे. उद्या संग्रहालयाची माणसं हे चित्र न्यायला येणार. लढायांची चित्रं काढून नाव मिळवलेल्या आमच्या ह्यांचं हे पहिलंवहिलं काम म्हणे. मेलेल्या पोरीला लोडाला टेकवून काढलंय, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

कूस बदलते तर खाली गादी नाही, चिखल आहे. घोडे कापले जातायत. आतडी बाहेर आलेल्या घोड्याशेजारी हे बसलेत, वारून बारा वर्षं झालेले, ब्रश रक्तात बुडवतायत.

"आलीस? बाजूला हो, उजेड अडवतीस."

मी त्यांची मानगूट धरते. "त्या दिवशी दार का लावलं वो? पोरीचे डोळे मिटायचे होते मला. आईचं काम ते."

"मिटले असतेस तर मी काढलं काय असतं?"

"कपाळ फुटेस्तोवर दार बडवलं मी. तुम्ही उघडलं तवर पोर लाकूड झाली होती. पापणी खाली येईना. तशीच पुरली."

"ह्याच चित्रावर वाड्यावरच्या सरदारांनी लढाईच्या चित्राचं पहिलं काम दिलं. मिटल्या डोळ्यांचं पोर बघून दिलं असतं? जन्मभर खाल्लंस ते त्यातलंच."

मी थोबाडीत हाणते. दात चिखलात पडतात, हे हसतात. चिखलाची फरशी होते. आमचंच माजघर, तेच बंद दार. ह्या खेपेला मी आत आहे. लोडाला हौसा. हे माझा हात पिरगाळतात, हाड कडकन मोडतं. मी त्यांच्या दंडाचा लचका तोडते आणि दुसऱ्या हातानं पोरीच्या पापणीवर बोटं टेकवते.

"चित्र खराब होईल!" हे ओरडतात.

"होऊ दे की. पोरगी माझी आहे."

जाग येते तेव्हा मी भिंतीशी उभी आहे. नखात काळ्या रंगाची खपली. हौसाचा डावा डोळा खरवडलेला, आणि रंगाखाली आणखी रंग: मिटलेली पापणी, केस न् केस जिवापाड काढलेला.

म्हणजे डोळे मिटायला हवेत, हे कळत होतं ह्यांना. कळून उघडले.

दारात सून किंचाळते, "आत्याबाई! उद्या माणसं यायचीत!"

"येऊ देत," म्हणते मी, आणि उजव्या डोळ्याला नख लावते.