पहिला डिपर व्याह्यांचा

जगातले सगळे रस्ते आपल्याला न विचारता बांधले गेले, एवढी एक गोष्ट सोडली तर आमच्या व्याह्यांची परमेश्वराबद्दल काही तक्रार नाही. ते रोह्याचे. तिथल्याच एका हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तीनंतर त्यांनी फक्त जागा बदलली. पूर्वी वर्गात बसलेल्यांना शिकवायचे, आता रस्त्यात सापडेल त्याला शिकवतात. माझी पेणला पोह्याची गिरणी. त्यांच्या घराण्याची एके काळी पार नदीपर्यंत शेतं होती, आणि गिरणीवाल्याची मुलगी त्यांनी सून करून घेतली ती केवळ तिचं गणित चांगलं म्हणून, असं ते मला दर दिवाळीला न चुकता सांगतात. मीही दर दिवाळीला न चुकता त्यांच्याकडे पोहे पाठवतो. मुलीचा बाप म्हटल्यावर एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

त्यांची एक चंदेरी गाडी होती. तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर त्यांच्याखेरीज कुणी बसल्याचं रोह्यात कुणाला आठवत नाही. कुठे जायचं नसलं तरी रोज सकाळी ते तिला सुरू करायचे, आत बसून पेपर वाचायचे आणि बंद करून घरात यायचे. हॉर्नवर त्यांचा फार विश्वास. वळणावर हॉर्न, पुलावर हॉर्न, रस्ता अगदी मोकळा असला तर त्या मोकळेपणाला एक हॉर्न. हॉर्नपेक्षाही त्यांची श्रद्धा डिपरवर. समोरून गाडी येते आहे, मध्ये रस्ता अरुंद आहे, तर ज्याने पहिल्यांदा दिवे चमकावले तो जाणार आणि दुसरा थांबणार, हा आपल्याकडचा अलिखित नियम. व्याह्यांनी त्याला धर्माचा दर्जा दिला होता. "पहिला डिपर ज्याचा, रस्ता त्याचा," असं ते मुलांना पाढा सांगावा तसं सांगायचे, आणि पहिला डिपर आपलाच असावा म्हणून समोरची गाडी जेमतेम ठिपक्याएवढी दिसायला लागली की बोट स्टिअरिंगजवळच्या दिव्यांच्या कांडीवर ठेवायचे.

उपकार करण्याची त्यांना भारी हौस. धाटावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या वेळेला ते मुद्दाम गाडी घेऊन तिकडे जायचे आणि बसची वाट बघणाऱ्या कामगारांना लिफ्ट द्यायचे. लिफ्ट फुकट असे, पण तिच्याबरोबर व्याख्यान असे: गिअर कधी बदलावा, क्लचवर पाय ठेवून का बसू नये, हल्लीच्या पोरांना घाटात गाडी का चालवता येत नाही. पुढे पुढे ती चंदेरी गाडी वळणावर दिसली की बसथांब्यावरचे निम्मे लोक वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागायचे. त्यातल्या काहींच्या पायात चपला असायच्या. व्याही मात्र मला सांगत, "कामगारवर्ग स्वाभिमानी हाय हो आपला. सहजासहजी बसत नाय गाडीत."

रोह्याहून पेणला माझ्याकडे यायचे ते नागोठण्यावरून, गडबवरून, वडखळचा नाका ओलांडून. या प्रवासाचं वर्णन ते एखाद्या मोहिमेसारखं करत. महामार्गाचं काम किती वर्षं चाललंय ते आता त्या महामार्गालाही आठवत नसेल. आज डावीकडून वळवलेला रस्ता उद्या उजवीकडून असतो. या खड्ड्यांतून, धुळीतून, उलट दिशेने येणाऱ्या ट्रकांतून येऊन ते माझ्या ओटीवर बसत, पाणी पीत आणि म्हणत, "व्याही, वडखळ नाका ज्याने पार केला, त्याला जगात अडवणारा कोण?"

अडवणारा निघाला तो त्यांचाच मुलगा. आमचे जावई अमेय न्यूझीलंडला असतात. माझी मुलगीही अर्थात तिथेच. मधल्या काळात व्याह्यांच्या गाडीला रोह्यातच बारीकसारीक प्रसाद मिळाले होते. एकदा स्वतःच्याच घराचं फाटक, एकदा दूधवाल्याची सायकल. दूधवाला वाचला, दूध वाचलं नाही. फाटकाबद्दल व्याह्यांचं म्हणणं असं, की ते वाऱ्याने पुढे आलं. ही बातमी विहीणबाईंनी फोनवर मुलाला सांगितली, आणि अमेय म्हणाला, "बाबा, आता गाडी विकून टाका. ड्रायव्हर ठेवा, नाहीतर रिक्षाने जा." व्याही आठवडाभर जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत, माझ्याकडे येऊन जेवत होते. शेवटी बापलेकांत तह झाला. सुट्टीत आम्ही चौघं वडीलमंडळी न्यूझीलंडला जाणारच होतो. तिथे एक गाडी भाड्याने घ्यायची, व्याह्यांनी ती चालवायची, अमेयने शेजारी बसून बघायचं. तो पास म्हणाला तर रोह्याची गाडी राहील, नापास म्हणाला तर जाईल. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस पोराच्या परीक्षेला बसणार होता, आणि त्याला निकालाची यत्किंचितही चिंता नव्हती. परदेशात गाडी चालवायचा परवाना आला त्या दिवशी त्यांनी रोह्यात पेढे वाटले.

नवी गाडी हातात घेताना चाकाखाली लिंबं ठेवायची, म्हणून त्यांनी घरच्या झाडाची चार लिंबं रुमालात बांधून नेली होती. ती न्यूझीलंडच्या विमानतळावर सरकारजमा झाली. तिथे फळाची बीसुद्धा आत येऊ देत नाहीत. "देश घाबरट दिसतो," एवढंच व्याही म्हणाले, आणि तिथल्या बाजारात सोन्याच्या भावाची लिंबं घेतली. सहलीला आम्ही चौघं निघालो. व्याही, विहीणबाई, अमेय आणि मी. माझी मुलगी कामातून सुटली नाही, तिच्या सोबतीला आमची ही थांबली, आणि गाडी कोण चालवणार हे आठवून मला दोघींचा हेवा वाटला. भाड्याच्या गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं मांडून व्याही हात जोडून उभे असताना काउंटरवरची मुलगी धावत आली. गाडी उतारावरून घसरते आहे का, असं तिने विचारलं. व्याह्यांनी इंग्रजीत सांगितलं की ही सुरक्षा आहे. ती म्हणाली, विमा तर तुम्ही घेतलाय. "हा त्याच्या वरचा," व्याही म्हणाले, आणि चारी लिंबं चिरडून गाडी बाहेर काढली.

गाडी बिनगिअरची, म्हणजे क्लचच नाही. व्याह्यांच्या डाव्या पायाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच सिग्नलला त्याने सवयीने क्लच म्हणून ब्रेक दाबला आणि आम्ही मागचे दोघं पुढच्या सीटना नमस्कार करून आलो. "ब्रेक चांगला हाय," व्याही म्हणाले. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, मागे घेताना मागचं चित्रही त्यावरच दिसे. त्या पडद्यावर त्यांनी आपला नॅपकिन टाकला. टीव्ही बघत गाडी चालवायला मी काय पोर आहे का, असा त्यांचा सवाल होता. विहीणबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, बाहेर बघा तरी, केवढे डोंगर आहेत. त्या म्हणाल्या, "रोह्यापासून मिटूनच बसत्ये मी. उघडे ठेवून करायचं काय, सांगितलं तर ऐकणार हायेत का?"

रस्ते असे की वेगाने जायला काही भीती वाटू नये, पण व्याही वडखळच्याच वेगाने चालले होते. मागे गाड्यांची ही रांग लागली. अमेय म्हणाला, बाबा, बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. व्याही म्हणाले, "कशाला? बघ किती सभ्य लोक. एकजण पुढे घुसत नाय. आपल्याकडे पायजे ही शिस्त." अमेयने कपाळाला हात लावला, पण नापास केलं नाही. परीक्षक अजून आशा धरून होता.

मग तो पूल आला. तिथे नद्यांवर एकेरी पूल असतात, एका वेळी एकच गाडी जाईल एवढे, आणि आधी कुणी जायचं ते पाटीवर बाण काढून सांगितलेलं असतं. आमच्या बाजूला लाल बाण होता. म्हणजे थांबायचं आम्ही. अमेय "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत व्याह्यांना पलीकडे एक गाडी दिसली होती आणि बोट कांडीवर गेलं होतं. त्यांनी डिपर मारला. त्याचा आपला अर्थ, थांब, मी येतोय. पण त्या देशात दिवे चमकावले की अर्थ होतो, या तुम्ही, मी थांबतो. समोरच्या गाडीतल्या शेतकऱ्याने, हक्क त्याचाच असूनही, आभाराचा हात वर केला. व्याही म्हणाले, "बघ, हात करून बोलावतोय." आणि दोन अतिशय सुसंस्कृत माणसं पुलाच्या बरोबर मध्यावर नाकासमोर नाक येऊन थांबली.

शेतकऱ्याच्या गाडीमागे ट्रेलर होता आणि ट्रेलरमध्ये मेंढ्या. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं, आणि आमच्या मागे त्या सभ्य लोकांची रांग. खाली नदी, दोन्ही बाजूंना कमरेएवढे कठडे. अमेय अगदी हळू आवाजात म्हणाला, "उतरा बाबा. मी मागे घेतो." व्याह्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. "परीक्षा चालू असताना पेपर दुसऱ्याने लिहायचा नसतो," ते म्हणाले, पण नेहमीचा जोर त्यात नव्हता, आणि मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं. रोह्याची ती चंदेरी गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, असं माझ्या मनात आलं. अमेय शेतकऱ्याची माफी मागायला पुढे गेला. मी मागे गेलो, हातापाया पडून मागची रांग पुलाच्या बाहेर काढली, आणि गाडीमागे उभं राहून गिरणीत टेम्पो लावून घेताना देतो तसा आवाज द्यायला लागलो. "येऊ द्या, येऊ द्या. सरळ. जरा उजवीकडे कापा. बस. आता सरळ येऊ द्या." आणि व्याह्यांनी ती गाडी त्या लांबलचक पुलावरून अशी मागे आणली, की कठड्याला घासणं सोडा, मध्ये कुठे चाक डगमगलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान वाटला. मागच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवत होते. मेंढ्यांचा शेतकरी जाताना पुन्हा हात वर करून गेला.

अमेय पूल चालत येऊन त्यांच्या खिडकीशी उभा राहिला. "बाबा, मला नसतं जमलं हे," तो म्हणाला. "गाडी राहू दे रोह्याला. मी पुन्हा विषय काढणार नाही."

व्याही जिंकले होते. मला वाटलं, आता निदान रोह्याला पोचेपर्यंत या विजयाची व्याख्यानं ऐकावी लागणार. पण त्यांनी हॉर्नसुद्धा न वाजवता गाडी पुलापलीकडे नेली. पुढच्या गावात पेट्रोलपंपावर थांबलो, अमेय आणि विहीणबाई कॉफी आणायला आत गेले, आणि व्याही माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्याही, तुम्ही आरशात दिसतच नव्हता मला. पूल मधल्यामध्ये तेवढा दिसायचा, बाजूला सगळं धुरकट. नॅपकिनसुद्धा काढून बघितला पडद्यावरचा, त्यातपण तेच. तुमच्या आवाजावर आलो मी मागे." मी म्हटलं, ऊन होतं, चमकलं असेल. ते म्हणाले, "फाटक वाऱ्याने नव्हतं आलं हो पुढे."

अमेय कॉफी घेऊन आला तेव्हा त्यांनी किल्ली त्याच्यापुढे धरली. "आता तू चालव. इतक्या लांब आलो नि मी काय बघितलंच नाय. मला बघू दे जरा." अमेयला बापाचा हा मोठेपणा वाटला. उरलेली सहलभर व्याही खिडकीशी बसून डोंगर बघत होते, मान पार वळवून वळवून, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

परत आल्यावर पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. आहे ती नजर औषधाने टिकेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी चंदेरी गाडी स्वतः विकली. रोह्यात सगळ्यांना सांगितलं, तिकडच्या रस्त्यांवर गाडी चालवल्यापासून इथल्या खड्ड्यांत गाडी घालावीशी वाटत नाही, आणि खोटं वाटत असेल तर आमच्या व्याह्यांना विचारा. लोक मला विचारतात. मी हो म्हणतो, आणि पूल दर वेळी थोडा लांब करून सांगतो. अमेयलाही त्यांनी हेच कारण दिलं. डोळ्यांचं मात्र तुमच्याकडेच राहू द्या, असं मला बजावलं. विहीणबाईंना माहीत असावं. त्या हल्ली डोळे उघडे ठेवून चालतात, त्यांच्या अर्धं पाऊल पुढे.

आता ते एसटीने पेणला येतात. ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरतात आणि गडबपर्यंत त्याचं काय काय चुकलं ते त्याला सांगतात. एका ड्रायव्हरने म्हणे त्यांना हात जोडले. मी स्टँडवर जाऊन थांबतो. गाडी लागली की दारात ते दिसतात, पायाने पायरी चाचपत. मी पुढे होतो, हात धरतो आणि म्हणतो, "सावकाश, अजून एक पायरी आहे."

"दिसतंय हो मला," ते म्हणतात, आणि घर येईपर्यंत माझा हात सोडत नाहीत.