तालुका अमेरिकेतला, मतदार बिशानचा

सिंगापुरात बिशान भागात राहणाऱ्या आमच्या इंजिनियरकाकांना अमेरिकेतल्या एका काउंटीची जेवढी काळजी आहे, तेवढी खुद्द तिथल्या लोकांना नसेल, आणि ती काउंटी काकांनी जन्मात पाहिलेली नाही. बोटीवर असताना इंजिनाचा कुठलासा सुटा भाग तिथल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला. कागदावर तक्ता होता : काउंटीने आजवर अध्यक्षपदासाठी कोणत्या पक्षाला मतं दिली. भाग इंजिनात बसला, कागद काकांच्या डोक्यात. तेव्हापासून दर चार वर्षांनी ते तो तक्ता पुढे लिहीत आलेत. "काउंटी म्हणजे आपला तालुका समज गं," असं मला बजावून, हातात सत्यनारायणाचा शिरा तसाच धरून, हा मक्याचा तालुका पूर्वी कुणाचा होता, गिरणी बंद पडल्यावर कसा फिरला, याची कथा ते पोथीपेक्षा लांबवतात. "शेतकरी एकदा रुसला ना, की तीन निवडणुका वळून बघत नाही!" एकदा अंदाज चुकला तर दोन दिवस धड जेवले नाहीत. काकू कावल्या, "अहो, तिथं तुमचं कोण आहे एवढं?"

खरं दुखणं वेगळंच होतं. या माणसाने स्वतः आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं! गावी मतदान असलं की हे समुद्रावर. पुढे सिंगापुरात स्थायिक झाले, आणि सत्तरीला टेकल्यावर इथलं नागरिकत्व घेतलं ते, माझी पैज आहे, निव्वळ मतासाठी. मग इथल्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. एकच उमेदवार उरला तर मतदानच होणार नाही, या धास्तीने काकांनी देव पाण्यात ठेवले. "दोघं तरी उभे राहू देत रे बाबा!"

राहिले उभे. मतदानाच्या सकाळी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून काकूंसह निघाले. मला इथे मत नाही, मी नुसतीच सोबत गेले आणि बाहेर थांबले. थोड्या वेळाने काका आले ते चेहरा पाडून. मागून काकू हसू दाबत म्हणाल्या, "अगं, हे मत टाकून बोट पुढे करून उभे! तिथली कर्मचारी मुलगी म्हणते, 'नो नीड लाह, अंकल!'"

"शाईच लावत नाहीत गं इथे," काका म्हणाले. "मग मत दिलं, हे दिसायचं कसं?"

मी आधी खदखदून हसले. मग त्यांचे डोळे पाहिले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्समधून बॉलपेन काढलं, त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि नखावर जाडशी रेघ ओढली.

"जरा गडद कर. टिकली पाहिजे."

बॉलपेनची रेघ ती, किती टिकणार? पण पुढे आठवडाभर मला ती त्यांच्या बोटावर ठळक दिसत होती. शेवटी काकूंना गाठून विचारलंच.

"रोज आंघोळ झाली की बोट पुढे करतात," काकू म्हणाल्या. "मी ओढते."