आधी आणायचं, मग पाठवायचं

एंटरची कळ दाबण्याआधी बालाजी सर उजवा हात पँटला पुसून घ्यायचे. हाताला काही लागलेलं नसायचं. तरी पुसायचे, स्क्रीनवरची ओळ ओठांतल्या ओठांत पुन्हा वाचायचे आणि मगच बोट टेकवायचे. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर विभागात मी नवीन लागले तेव्हा मला हसू आवरेना. सर वर न बघता म्हणाले, "हस माय, हस. एकदा पाठवलेलं माघारी बोलवता येत न्हाई. म्हणून भिऊन राहतो मी."

तेव्हा क्लासेसचे दिवस जोरात होते. देगलूर, मुखेड, लोहा, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायची. त्यांच्या सराव परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायच्या आणि तो प्रोग्राम आम्ही लिहायचो. एकाच प्रोग्राममध्ये सगळ्यांनी हात घातला तर विचका होतो. म्हणून गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याने त्याने आपली वेगळी ब्रँच काढायची, तिच्यावर काम करायचं, तपासून झालं की मूळ प्रोग्राममध्ये मिसळायचं. क्लासच्या शाखांशी घोटाळा नको म्हणून सर ब्रँचला फांदी म्हणायचे. केलेलं काम आपल्या मशीनवरून रिमोटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मशीनवर, पाठवून ठेवायचं. एक रिमोट लातूरला, दुसरा आमच्या नांदेडच्या ऑफिसात. सर दर शनिवारी दोन्हींचा मेळ घालायचे, आणि त्यांचा नियम एकच: "आधी आणायचं, मग पाठवायचं." आधी नांदेडचं नवीन काम इकडे ओढून घ्यायचं, त्यानंतरच इकडचं तिकडे.

दोन रिमोट कशाला, म्हणून मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, कुरकुरायचे. बालाजी सर म्हणायचे, "सगळंच्या सगळं एका छताखाली ठेवायचं न्हाई." सर किल्लारीकडचे. भूकंपात त्यांचं घर गेलं, आईवडील गेले. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारायचं नाही.

नांदेडला अर्चना होती. मुखेडची, पहिलीच नोकरी, कमालीची भिडस्त. कुठला विद्यार्थी कुठल्या धड्यात सारखा चुकतो हे दाखवणारा भाग ती लिहीत होती. मोठ्या सरांनी तिला साफ सांगितलं होतं, सोमवारी हे चालू करून दाखव, तर कायम करतो. नाहीतर दुसरीकडे बघ. पोरगी जिवाच्या आकांताने लागली होती. पण अर्धवट काम बालाजी सरांच्या नजरेस पडायला नको म्हणून ती ते आपल्याच मशीनवर दडवून ठेवायची. सर फोनवर चिडवायचे, "अगं, फांदी पाठव की! लाजते कामून? माझ्या फांद्या बघशील तर जेवण जायचं न्हाई तुला."

त्या शनिवारी नांदेडला शिखांच्या होला मोहल्ला सणाची सुट्टी होती. सर धरून चालले की आज तिकडे कुणी आलंच नसेल, मग आणायचं तरी काय! नांदेडच्या मशीनची डिस्क भरत आली होती. सरांनी लातूरची हुबेहूब प्रत तिकडे पाठवली. या हुकमात, म्हणजे कमांडमध्ये, इकडे जे नाही ते तिकडूनही पुसलं जातं. वर, जागा व्हावी म्हणून राहिलेला कचराही साफ करून टाकला, म्हणजे पुसलेलं परत काढायची सोयही गेली. आणि अर्चना तर सुट्टीच्या दिवशी येऊन बसली होती! सरांनी कळ दाबण्याच्या तासभर आधीच काम पुरं करून तिने आपली फांदी नांदेडच्या रिमोटवर पाठवली, आणि मग बिनघोरपणे आपलं कुरकुरणारं मशीन जुनी डिस्क फेकून नवी टाकायला देऊन टाकलं. रिमोटवर गेलं की काळजी नाही, हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. नुसती रडत होती. सरांनी नांदेडचं मशीन इथूनच उघडून पाहिलं, तर यादीत तिची फांदीच नव्हती. "चल," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासोबत एसटीत बसले. अहमदपूर गेलं, लोहा आलं, गाडी चहाला थांबली. सर खाली उतरले नाहीत, खिडकीचा गज धरून बसून राहिले.

नांदेडला मोठे सर आधीच तापले होते. अर्चना भिंतीला चिकटून उभी होती. बालाजी सर दारातूनच म्हणाले, "तिचं काम माझ्या हातानं गेलं. तिनं बरोबर पाठवलं होतं. मी न आणताच वरून पाठवलं."

मोठे सर हसले हो! "राहू द्या सर. पोरीला वाचवायला बघता, कळतं मला. तुमच्या हातून असलं होतंय व्हय? तुमचा स्वभावच तसा." ऑफिसातली मंडळी माना डोलवू लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, देवमाणूस. मोठे सर अर्चनाकडे वळले, "नशीब समज. सरांच्या शब्दाखातर आणखी एक महिना देतो. पुन्हा हलगर्जी चालायची नाही." आणि ती, जिचं काम गेलं ती, रडतरडत सरांच्या पाया पडली.

विंचू डसल्यासारखे सर मागे सरले. "अगं माय, नको," म्हणत बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

"भूकंपाच्या आदल्या दिवशी बापानं निरोप धाडला होता," ते जिन्याकडे बघत बोलू लागले. "गणपती बुडवायला गावाकडं ये म्हणून. मी न्हाई गेलो. इथं नांदेडात शिकायला होतो, हॉस्टेलच्या पोरांसंग इथल्या मिरवणुकीत नाचलो. त्यानं वाचलो. सगळे म्हणले, आईबापाची पुण्याई, गुणाचं पोरगं, देवानं राखलं. मी सांगायला पाहिजे होतं की बापाचं ऐकलं न्हाई म्हणून मी हाय. न्हाई सांगितलं. लोक मायेनं तोंडावरून हात फिरवत राहिले आणि मी फिरवू देत राहिलो. लई वाईट असतं ते, वैशाली. शिव्या खाल्लेल्या बऱ्या. आता पुन्हा न्हाई जमणार."

ते आत गेले आणि सगळ्यांना वर्गात बोलावलं. प्रोजेक्टर लावला. पडद्यावर दोन रिकाम्या रिपॉझिटरी, म्हणजे लुटुपुटीचे दोन रिमोट, बनवल्या, एकीला लातूर नाव दिलं, दुसरीला नांदेड. "अर्चना, ये. नांदेडात तुझ्या नावाची फांदी काढ." तिने काढली. "दिसून राहिली ना सगळ्यांना? आता मी शनिवारी केलं ते करतो." हात पुसला, कळ दाबली, नांदेडची यादी पुन्हा उघडली. अर्चनाचं नाव नव्हतं. मग त्यांनी खऱ्या मशीनवर शनिवारी दिलेल्या हुकमांची नोंद उघडली. तीच ओळ, खाली त्यांचंच नाव.

वर्गात कुणाला कुठे बघावं कळेना. मघाशी देवमाणूस म्हणणाऱ्याने खिशातून मोबाईल काढला. सरांची मान खाली, कान लाल झालेले, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठे सर अखेर चिडून म्हणाले, "अहो, पण एवढा तमाशा करायची काय गरज होती?"

"पोरीला आज कायम करा," सर म्हणाले. "तिनं दिलेल्या वेळेत काम केलं होतं. पुन्हा लिहायला लागंल तो माझा कसूर, तिचा न्हाई. ती सांगंल तसं मी इथं बसून टाईप करीन."

मोठ्या सरांनी नाक मुरडलं, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता आलं नाही. "ठीक आहे, कायम," म्हणाले आणि उठून गेले. हळूहळू वर्ग रिकामा झाला. आम्ही तिघंच उरलो.

मला वाटलं, अर्चना आता म्हणेल, जाऊ द्या सर, होतं असं. आम्ही मुली तेच म्हणतो. ती पडद्याजवळ गेली, नांदेडच्या रिकाम्या यादीवर बोट ठेवलं. मग तिचा आवाज फुटला, आणि त्या भिडस्त पोरीचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"सणाच्या दिवशी घरी न जाता केलतं सर मी ते. मला लई राग आलाय तुमचा."

सरांनी त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

"हाव," ते म्हणाले. "येऊ दे. तो माझाच हाय."

आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.