उलटे पाय

"आलोच," म्हणायचे, खांद्याला झोळी लावायचे आणि निघायचे. टेबलावर चहा, त्यावर साय धरलेली आणि हे आमचे चित्रकार बिबवेवाडीच्या बसस्टॉपवर. खुर्चीत नीट टेकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याकडे नुसतं बघूनच आपले पाय दुखतात.

आमच्या प्रकाशनाचं भुतांचं कॉमिक बरं खपलं, म्हणून त्याची जोडपुस्तिका काढायचं ठरलं. मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा. प्रत्येकाचं चित्र, राहण्याची जागा, खोडी. चित्रं त्यांची, पानं लावणं माझं. कॉम्प्युटर नवा, मीही नवी आणि आगाऊ. हडळीचे पाय मागे वळलेले दिसले. घाईत चुकलं असेल, असं समजून मी ते सरळ करून टाकले.

प्रूफ पाहून ते तडकलेच. "ताई, पाय सरळ केले की ती बाई झाली! आता तिला कोण भ्यायचं?"

"बाईलाही भितात हो पुण्यात," मी म्हटलं. ते हसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्यांचा नियम एकच: "जागा बघितल्याबिगर भूत काढायचं नाय." गिऱ्ह्यासाठी नदीकाठ झाला, मुंजासाठी पिंपळ झाला. राहिला चकवा, वाटसरूला फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा. तो हिंजवडीत, त्यांच्याच शेताच्या बांधावर असायचा. त्यांचे वडील तिथे एकदा अख्खी दुपार चकले होते. शेत केव्हाच विकलं गेलं, वर कंपन्या उभ्या राहिल्या. तरी बांध शोधायला ते रोज जात.

"सापडला का?"

"कुठं हाय! फिरून त्याच गेटावर येतोय. वॉचमन वळखाय लागला."

छपाई अडली होती, मालक वैतागले होते. शेवटी मी म्हटलं, "अहो, मनानेच काढा ना."

त्यांचा चेहरा उतरला. "मनात बी सापडंना, ताई."

मला माझाच राग आला.

एका सकाळी त्यांनी उभ्याउभ्या पाकीट ठेवलं, "आलोच" म्हणाले आणि गेले ते गेलेच. चौकशी केली, तर राहती खोलीही सोडलेली.

पाकिटात चकव्याचं पान होतं. काचेची इमारत, गेट, कंपनीच्या बसेस. भूत कुठेच नव्हतं. गेटाकडे तोंड करून उभा असलेला, खांद्याला झोळी लावलेला एक माणूस तेवढा होता. त्याचे पाय मागे वळलेले होते.

मालक म्हणाले, "पाय चुकलेत. सरळ करून घ्या."

मी नाही केले.