कमानीच्या आतलं पाणी

आमच्या गावाच्या वेशीत सिमेंटची कमान आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'अस्पृश्यतामुक्त गाव'. इंदापूरहून येणारी एसटी तिच्याखालून जाते तेव्हा आजही मी तोंड फिरवते. आग लागो त्या कमानीला! आमच्या आबांच्या एका शब्दावर ती उभी राहिली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारामतीला कॉलेजात होते, सुट्टीत घरी यायचे. आबा, म्हणजे माझे वडील, कालव्यावर पाटकरी होते. साऱ्या गावच्या उसाला पाणी सोडणारा माणूस, आणि त्याच्याच घरात प्यायला मचूळ पाणी! आमच्या बौद्ध वस्तीत एकच हातपंप, आणि त्याच्या पाण्यात डाळसुद्धा शिजायची नाही. आईला मुतखड्याचा त्रास. कळ उठली की पदर कमरेला आवळून ती जोत्यावर आडवी पडायची. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. सांगायला काय जातंय! गावच्या नळाला गोड पाणी होतं, पण लाईन मारुतीच्या देवळापाशी संपलेली. तिथं आमच्या बायकांनी तोटीला हात लावायचा नाही, गावातली एखादी दयाळू बाई वरून ओतेल तेवढं घ्यायचं. आई म्हणायची, "मला न्हाय कुणाम्होरं हंडा धरून उभं ऱ्हायाचं." म्हणून वस्तीत नळ हवा होता. त्याचे पैसे मंजूर झाले, असं ऐकायचो. मग खर्ची पडले, असंही ऐकायचो. नळ काही दिसायचा नाही.

स्टँडवरच्या हॉटेलात तीच तऱ्हा. आमच्या कपबशा बाहेर वळचणीला, कान तुटलेल्या. आपणच घ्यायच्या आणि चहा पिऊन आपणच विसळून ठेवायच्या. हा गुन्हा आहे, नागरी हक्कांच्या कायद्यात याला तुरुंग आहे, हे मी कॉलेजात वाचून घरी सांगितलं. आबा म्हणाले, "व्हय बाई. पर कायदा बारामतीला ऱ्हातोय, आमाला हितं ऱ्हायाचंय."

मग सरकारी बक्षीस निघालं. ज्या गावात शिवाशिव नाही त्या गावाला मोठी रक्कम मिळणार, आणि तपासायला पुण्याहून साहेब येणार. आता शिवाशिव नाही हे सांगणार कोण? आम्हीच! एरवी आबांना नुसत्या नावानं हाक मारणारा सरपंच त्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन चक्क 'तात्या' म्हणाला. मी आत चुलीपाशी होते, मला हसूच फुटलं.

"तात्या, साहेबानं इचारलं तर काय तरास न्हाय म्हणा. बक्षीस आलं की पयला नळ तुमच्या वस्तीत. मारुतीची आण."

चहा विचारला तर म्हणाला, "आत्ताच झालाय."

तो गेल्यावर मी आबांशी भांडले. सरळ सरळ खोटं बोलायचं? आबांनी जोत्यावर कण्हत पडलेल्या आईकडं बोट केलं. "तिची कळ तुझ्या पोटात उठत न्हाय, म्हणून तुला खरं सुचतंय."

साहेब आले त्या दिवशी वळचणीच्या कपबशा गायब झाल्या होत्या. हॉटेलात नवे काचेचे पेले आणलेले. आबांना आणि वस्तीतल्या आणखी चौघांना आत बाकावर बसवलं. आबा इस्त्रीच्या सदऱ्यात, बाकाच्या अगदी कडेला टेकलेले. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "काही त्रास?"

"न्हाय साहेब. काय बी तरास न्हाय."

फोटो निघाला, जबाबावर सही झाली, आणि साहेबांची जीप सरपंचाच्या मळ्यात कोंबडी खायला गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सरपंचाची किळस तर होतीच, पण त्या दिवशी मला आबांचीही किळस आली. स्वतःच्या बापाची किळस यावी, याच्यासारखं घाणेरडं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला पिशवी घेऊन आला. त्यानं पाच पेले जोत्यावर मांडले. "हे तुमचेच. ऱ्हाऊ द्या तुमाला. हॉटेलात आता कोण पिणार यात?" बरं, मेला रागानं बोलला असता तर परवडलं असतं. तो आहेर केल्यासारखा हसत बोलला! आई उठली आणि तिनं ते पेले एकेक करून उकिरड्यावर फोडले. आबा खाली मान घालून चपला शोधत राहिले.

बक्षीस आलं. कमान झाली, हार झाले, आबांच्या गळ्यातही एक पडला. नळाचं विचारलं की सरपंच म्हणायचा, "बघू की." शेवटी मीच अर्ज घेऊन तालुक्याच्या एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं तो वाचला आणि मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "अहो ताई, तुमचं गाव अस्पृश्यतामुक्त. मग तुमच्या वस्तीला वेगळा नळ कशाला? वेगळा दिला तर तोच भेदभाव होईल की! गावच्या नळावर भरा."

मी म्हटलं, तोटीला हात लावू देत नाहीत. हॉटेलात कपबशा पुन्हा वळचणीला आल्यात. मी तक्रार करते.

त्यानं बक्षिसाच्या फायलीतून आबांचा जबाब काढला. "हे वडीलच ना तुमचे? सरकारी नोकर दिसतात. खोटा जबाब दिला म्हणून त्यांची नोकरी जावी असं वाटतंय का तुम्हाला?" त्यानं अर्जावर शेरा मारला आणि तो मला परत दिला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

घरी येऊन मी सगळं आबांच्या अंगावर ओरडले. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. आई मात्र म्हणाली, "काय लिवलंय ते परत वाच."

मी वाचलं, "अर्जदारांनी गावच्या सार्वजनिक नळाचा वापर करावा."

आईनं हंडा कमरेवर घेतला आणि निघाली. मी घागर घेऊन मागं. देवळापाशी बायकांची ही गर्दी. आईनं तोटीकडं हात नेला तशा बायका मागं सरकल्या. एकजण म्हणाली, "अगं, वतते की मी. तू कशाला हात लावतीस?"

"माझ्या नवऱ्यानं सरकारला लिवून दिलंय, ह्या गावात शिवाशिव न्हाय," आई म्हणाली. "त्येचं खोटं आता मलाच खरं करावं लागंल."

तिनं तोटी सोडली. हंडा भरला, घागर भरली. आम्ही वळलो तोच मागून खरखर ऐकू आली. मेल्या बायका राखेनं तोटी घासत होत्या! मी घागर खाली ठेवायला लागले, तर आईनं माझा दंड धरला.

"घासू दे," ती म्हणाली. "मी उद्या परत येणार हाय."