ब्रह्मगिरीच्या फेरीतली माझी उलटी पावलं

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. मखमलाबादच्या मळ्यात शेवंती खुडत बी.एस्सी. झाले आणि अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागले. त्याचा अभिमान होता, आजही आहे. त्याच तोऱ्यात आईला म्हणाले होते, आबांना फेरीला मी नेते आणि मीच परत आणते. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइल तेव्हा आमच्यासारख्यांकडे नव्हतेच.

श्रावणातला तिसरा सोमवार. उजाडताना कुशावर्तावर स्नान करून आम्ही ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालो. आबा अनवाणी, मी चपला घालून. आबांनी दरवर्षीची गोष्ट काढली. सातशे वर्षांपूर्वी एक पोर आईबापांबरोबर हीच फेरी घालत होतं. वाघ आडवा आला, पोर चुकलं, गुहेत शिरलं आणि तिथे त्याला गुरू भेटला. ते पोर म्हणजेच नाथ, त्यांची समाधी त्र्यंबकात आहे. मी वैतागून म्हणाले, "आबा, आता कुठले वाघ? पायाखाली बघा."  माझा हात सोडून आबा मागून चालू लागले.

पहिने गावाच्या अलीकडे धुकं दाटलं. चपलेत खडा गेला म्हणून मी कडेला वाकले. उठून पाहते तर आबा नाहीत. मागे राहिले असतील म्हणून उलटी फिरले. प्रदक्षिणा उलटी चालायची नसते हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण तेव्हा ते सुचतंय कुणाला? समोरून येणाऱ्यांचे धक्के बसत होते. ताई, उलटं नका चालू, असं जो तो सांगत होता. मी हाका मारत अर्धा तास तशीच गेले. एका बाजूला उतार, खाली ओढ्याचा आवाज. प्रत्येक दगडाशी पडलेले आबाच दिसू लागले. आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

एका वळणावर इरलं पांघरलेली, जवळच्या पाड्यावरची बाई गुरं राखत होती. तिला रडतच सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाय, फेरीतला मानूस मागं येत नाय. तू मागं कशाला हुडकते? फुडं चाल." आणि गुरांमागे धुक्यात निघून गेली.

मला पटलं असं नाही. बळ संपलं होतं म्हणून वळले. वाटेत चहाच्या प्रत्येक पालात विचारलं. आबांना कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटी विचारणंही सोडलं. "नाथा, आता तूच बघ," असं मोठ्याने म्हणाले आणि त्याची लाज वाटली नाही.

दुपारी कुशावर्ताच्या पायरीवर आबा शेंगदाणे खात बसले होते. मी वाकले तेव्हाच ते पुढे निघून गेले होते, पायांनी वाट चाचपत, पुढच्यांच्या भजनामागे. मी सगळं सांगितल्यावर हसले. "बी.एस्सी. झाली अन् फेरीत उलटी चालली व्हय?" मग हळूच म्हणाले, "नाथ चुकले तर त्यास्नी गुरू भेटला. तुला कोन भेटलं?"

 त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

आज आबा नाहीत. सगळ्यांना सांभाळणारी मीच, हे ओझं त्या वळणावर उतरलं, ते पुन्हा उचललं नाही. दर श्रावणात तिथे हात जोडते. इरलं दिसतं का म्हणून वळून बघत नाही, पुढे चालते. चपला मात्र त्र्यंबकातच ठेवून जाते.